फळीवरची पुडी

बेटावरून, २ एप्रिल २०१८

अरिहिया पोरी,

पोचलो एकदाचे, चार दिवस झाले. तुझा भाऊ जिवंत आहे, पण ब्लफ बंदराचा धक्का सुटल्यापासून बेट दिसेपर्यंत त्याने जे काही बाहेर काढलं ते पाहून बोटवाल्या क्लेमने डेक दोनदा धुतलं. मला विचारतो कसा, "रिरिआ, हा तुमच्याच घरातला ना? की वाटेत कुणाचा उचलून आणलास?" मी म्हटलं, याचा बाप असता तर त्यानेच याला समुद्रात बुचकळून काढला असता. क्राइस्टचर्चने मऊ करून टाकलाय पोराला.

काल सकाळी प्रार्थना झाली आणि कामाला लागलो. यंदा तीती पक्ष्यांची पिल्लं चांगली जाडजूड आहेत. पण टेओनेचं काही खरं नाही गं. पोटावर पडून बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा, पिल्लू चाचपायचं आणि ओढायचं, हे तो आठ वर्षांचा असताना माझ्याहून भराभर करायचा. आता त्याचा हात बाहेरच थरथरतो. पिल्लू काय, त्याला स्वतःचं नाक धरता येणार नाही. इतक्या गारठ्यात अंग घामाने निथळतं, अंथरूण रोज उन्हात टाकावं लागतं. जेवण समोर ठेवलं की तोंड फिरवतो. मी तीतीचं सूप पाजतेय आणि पक्षी मिठात भरायच्या बादल्या घासायला लावतेय. सूप पोटासाठी आणि बादल्या मनासाठी.

तू म्हणालीस की पोटाचा आजार झाला होता, नोकरी गेली, म्हणून खचलाय. असेल. पण एक विचारते. माझ्या झोपडीचा नियम तुला माहीत आहे. दारुडा नको आणि गोळ्या-बिळ्या खाणारा नको. आपला मॅटी नशेत कड्यावरून पडून गेला, त्याला मी स्वतः दोराने वर घेतलाय, पोतं उचलावं तसा. त्या वर्षीच सांगून टाकलं होतं सगळ्यांना, सख्खा असला तरी आणणार नाही. तर खरं सांग, याचं दुसरं काही नाही ना?

उत्तर पत्रानेच दे, क्लेम दर आठवड्याला वाणसामान आणतो तेव्हा मिळेल. रेडिओवर नको. संध्याकाळी सहाला ब्लफहून नोलीन हवामान सांगते, निरोप वाचते आणि झाडून सारी बेटं कान टवकारून बसलेली असतात. मागे एकीचा घटस्फोट तिच्या नवऱ्याच्या आधी सगळ्या सामुद्रधुनीला कळला होता. घरातलं घरात राहू दे.

पाओराकाका यायचाय अजून. त्याच्या कंबरेचे फोटो काढायचेत इन्व्हरकार्गिलला, ते झाले की येईल.

तुझी,
रिरिआआत्या

——

पोरिरुआ, ९ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र आजच मिळालं. सूप पाजतेस हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसरं काही नाही, आत्या. हा विषाणू चिवट आहे, महिना महिना रेंगाळतो. घाम येईल, झोप लागणार नाही, चिडेल, तुला टाकून बोलेल. मनावर घेऊ नकोस. पाणी भरपूर दे, त्यात मीठ आणि साखर घाल. जेवण नाही गेलं तरी पाणी जाऊ दे. आणि पहिले दोन आठवडे त्याला कड्याकडच्या बिळांवर एकट्याला पाठवू नकोस. छाती फार धडधडते म्हणाला किंवा झटका आला, तर मात्र लाजू नकोस, नोलीनला सांगून सरळ हेलिकॉप्टर बोलाव.

त्याला रागावू नकोस एवढंच. तो वाईट नाही.

माझं प्रयोगशाळेतलं काम नेहमीसारखंच. पोलिसांकडून पाकिटं येतात, मी मशीनला लावते, आत काय आहे ते कागदावर लिहिते. सांगण्यासारखं काही नाही.

काकांना नमस्कार सांग. त्यांची कंबर फार दुखते का?

तुझी,
अरिहिया

——

बेटावरून, १४ एप्रिल

अरिहिया,

काय गं, तुझा तो विषाणू! अंथरूण भिजवणारा, झोप उडवणारा, कड्याकडे नेणारा आणि आत्याला "म्हातारे" म्हणायला लावणारा. असा पोटाचा आजार मी बासष्ट वर्षांत पाहिला नाही. पण असो, उतरला एकदाचा. गेल्या सोमवारी पोरगा आपणहून उठला आणि तीन वाट्या सूप, चार तळलेले पाव, वर कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा, एवढं चाटूनपुसून खाल्लं. परवा दिवसभरात अडतीस पिल्लं काढली. हात आता थरथरत नाही. काल तर पिसं काढता काढता गुणगुणत होता, बेसूर, अगदी तुझ्या बाबासारखा.

आणि आता तुझी चोरी सांगते. काल त्याचे गमबूट शेगडीजवळ वाळत घातले, तर एकाच्या टोकातून मोज्यात गुंडाळलेली पुडी निघाली. चांगली मूठभर. उघडून पाहते तो हिरवा पाला, गांजा! अगं, एवढ्यासाठी ही सगळी लपवाछपवी? मला खरंच हसू फुटलं. मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, तुझा पाओराकाका मी परकरी पोर होते तेव्हापासून हे ओढतोय. मागच्या अंगणात टोमॅटोच्या आडोशाने लावतो, अख्ख्या ब्लफला माहीत आहे. मी त्याला नशा म्हणतच नाही, त्याच्या कंबरेचं औषध आहे ते. वास मात्र आपल्या हिरव्यासारखा नाही, नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा येतो. शहरात काय काय लावून विकतात कोण जाणे.

टेओनेला सांगितलं, जवान आहेस, कंबर शाबूत आहे, तुला कशाला हवंय? त्याने मान खाली घातली. "समुद्रात टाक, आत्या," एवढंच म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मी म्हटलं, समुद्रात काही टाकायचं नसतं इथे, आणि चांगला जिन्नस वाया घालवायची आपल्या घरात रीत नाही. पावाच्या डब्यात घालून शेगडीवरच्या फळीवर ठेवलीय. पाओराची झाडं यंदा पावसाने कुजली, बिचारा दीड महिना नुसत्या गोळ्यांवर कण्हतोय. एकवीसला येईल क्लेमबरोबर, तेव्हा त्याच्या हातात ठेवीन. खूश होईल म्हातारा. अंगठ्याएवढी जाड बिडी वळतो, तुला आठवतंय ना?

रागावू नकोस भावावर. एवढंच होतं तर मला सांगायचंस की.

तुझी,
आत्या

——

पोरिरुआ, २० एप्रिल

आत्या,

हे पत्र पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल. तरी लिहिते, कारण रेडिओवर मी जे बोलले ते अर्धंमुर्धं होतं, आणि तू उत्तरात फक्त "ऐकलं. सगळे ठीक आहेत. बाकी पत्रात," एवढंच म्हणालीस. तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी.

तुझं पत्र मला बुधवारी, अठराला मिळालं. प्रयोगशाळेच्या जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसले. एकवीसला अजून तीन दिवस होते. पत्र पोचणं शक्य नव्हतं. नोलीनबाईंना फोन केला, निरोप दिला: "फळीवरचं काकांना देऊ नकोस, कारण पत्रात." मला वाटलं, तुला कळेल. आणि तू उलट निरोप पाठवलास, "काळजी करू नको, इथे पोलीस येत नाहीत!" नोलीनबाई हसत होत्या सांगताना. आत्या, मी रडत होते.

तरी म्हटलं, उद्या नीट शब्द शोधू, दोन दिवस आहेत. काल दुपारी बाई म्हणाल्या, समुद्र उतरला म्हणून क्लेम सकाळीच निघाला, पाओराही गेला त्याच्याबरोबर. तुमचा रेडिओ सहालाच लागतो, बाकी वेळ बॅटरी जपता. दुपारी एक ते सहा मी कशी काढली ते विचारू नकोस. सहाला बाईंना म्हटलं, फोन माइकला लावा. "सगळे ऐकतील गं," म्हणाल्या. म्हटलं, ऐकू देत.

आता खरं सांगते. ती पुडी हिरव्याची नाही. त्याला सिनी म्हणतात. पाला कसलाही असतो, वाळका, निरुपयोगी. त्यावर कारखान्यात केलेली पूड रसायनात विरघळवून ओततात. तुला जो नखांच्या रंगाचा वास आला तो त्या रसायनाचा. काही जण तर सिमेंट कालवायच्या यंत्रात घोळवतात. त्यामुळे एका चिमटीत काहीच नसतं आणि त्याच पुडीतल्या दुसऱ्या चिमटीत तिघांना आडवं करील एवढं असतं.

तू म्हणशील, पण दोन्ही चढतात तर सारखीच. खरंय, दोन्ही शरीरात एकाच जागी जाऊन बसतात. मेंदूत अशा लाखो जागा असतात, त्यांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. फरक तिथे बसल्यावरचा आहे. बाबांच्या जुन्या बोटीचा थ्रॉटल, वेगाचा दांडा, आठवतो? काका वेड्यासारखी पळवायचे म्हणून बाबांनी अर्ध्यावर लाकडाची खुंटी ठोकली होती. कितीही रेटा, दांडा खुंटीला टेकून थांबायचा. हिरवं तसं असतं. ते रिसेप्टरला थोडंच ढकलतं. जास्त ओढलं तर माणूस बरळतो, घाबरतो, पावाची अख्खी लादी खातो आणि झोपतो, पण दांडा खुंटीपुढे जात नाही. सिनीला खुंटीच नाही. ती दांडा टोकापर्यंत नेते आणि तिथेच धरून ठेवते. मग माणूस उभ्या उभ्या गोठतो, झटके येतात, काहींचं हृदय थांबतं.

आणि हे करायला लागते किती? माझ्या टेबलावर आलेल्या काही पुड्यांतलं द्रव्य हिरव्यातल्या द्रव्याहून सत्तर-ऐंशी पट कमी असलं तरी पुरतं. किती कमी लागतं ही एक गोष्ट आणि कुठवर नेतं ही वेगळी. लोक पहिली ऐकतात आणि म्हणतात, ठीक आहे, कमी ओढू. दुसरी कुणी सांगतच नाही. काकांनी पन्नास वर्षांच्या सवयीने अंगठ्याएवढी वळली असती, आत्या. पन्नास वर्षांची सवय हिरव्याची.

आता माझं. टेओनेला पोटाचा आजार कधीच नव्हता. तो दीड वर्ष सिनी ओढत होता. जानेवारीत माझ्याकडे एक पाकीट आलं. नाव नसतं, नुसतं वय, गाव आणि मेलेला कुठे सापडला ते असतं. पुरुष, चोवीस, क्राइस्टचर्च, गॅरेजमध्ये. टेओनेचंही वय तेच, गाव तेच. तो टेओने नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी टेओने होता. मी त्याच दिवशी विमान पकडलं. टेओने मला एका मित्राच्या गॅरेजमध्ये सापडला, जमिनीवर, ओठ निळे, पण श्वास चालू. तिथून दवाखाना, तिथून माझं घर. दोनदा पळाला. मला दुसरं काही सुचलं नाही. जिथे दुकान नाही, फोन लागत नाही, पळायला रस्ता नाही, अशी एकच जागा मला माहीत होती, आणि तिथल्या दारावर तुझा नियम होता. म्हणून खोटं बोलले. त्याने पुडी बुटात घालून आणली असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

काल तुझ्यासाठी, काकांसाठी, मी सगळ्या बेटांसमोर माझ्या भावाचं नाव घेतलं. आपल्या घराची लाज मी चव्हाट्यावर मांडली. तो माझ्याशी पुन्हा बोलेल का? तो कुठे आहे? कड्याकडे तर गेला नाही ना? फक्त एवढं कळव. मग मला काय हवं ते बोल.

अरिहिया

——

बेटावरून, २८ एप्रिल

अरिहिया बाळ,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. टेओने माझ्यासमोर बसून बादलीत मीठ भरतोय. कड्याकडे गेला नाही. आता बाकीचं सांगते, आणि मध्ये रडू नकोस, मला वाचूनही कळतं तू कुठे रडलीस ते.

पाओरा गुरुवारी दुपारीच आला, कण्हत, शिव्या देत. मी मोठ्या दिमाखात डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, बघ, पुतण्याने आणलंय तुझ्यासाठी. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं गं! तिथल्या तिथे बसून वळली, अंगठ्याएवढी, दोन्ही टोकं पिळून, आणि काडी काढली.

पण तेव्हाच पिसांच्या खोलीत काम चालू झालं होतं. तुला माहीत आहे, पिसं काढायला पक्षी बुडवायचं मेण तापलं की आपल्याकडे काडी पेटत नाही. हवेत सगळीकडे पिसं, खाली रॉकेल, ऐंशी साली एक झोपडी गेली होती अशीच. शेवटचा पक्षी मेणातून निघेपर्यंत कुणी ओढायचं नाही, बाहेर जाऊनसुद्धा नाही, कारण एक उठला की सगळे उठतात. मी म्हटलं, पाओरा, आधी काम. तो गुरगुरला. मग ती बिडी कानामागे खोचली आणि पिसं उपटायला बसला. अकरा पक्षी उरले होते तेव्हा सहा वाजले.

नोलीन म्हणाली, "रिरिआ, तुझी भाची फोनवर आहे, बाकीच्यांनी जरा चॅनेल सोडा." कोण सोडतंय! सगळ्यांनी आवाज मोठाच केला असणार. आणि मग तुझा आवाज आला. तू काय बोललीस ते तुला आठवणार नाही कदाचित, मला शब्दन्‌शब्द आठवतोय. "मी अरिहिया बोलतेय. सगळ्यांना ऐकू जातंय, जाऊ दे. आत्या, फळीवर आहे ती सिनी आहे. हिरवं नाही. माझा भाऊ टेओने ती ओढायचा. काकांना तिचा एक झुरका पुरेल, आणि मग त्यांना कुणी उठवू शकणार नाही. काका हिरव्याला सरावलेत, याला नाही. आणि सरावलेला माणूससुद्धा तीन आठवडे लांब राहिला की शरीर विसरतं, मग पूर्वीएवढीच घेतली तरी मरतो. आत्या, देऊ नकोस. दिली असशील तर मला आत्ता सांग."

 मेण नुसतं बुडबुडत होतं. पाओराने कानामागून ती काढली, तळहातावर ठेवली आणि बघत बसला. "अंगठ्याएवढी," म्हणाला.  टेओने उठला, त्याच्या हातून ती घेतली, डबा घेतला, सगळं जुन्या पिंपात उपडं केलं आणि वर ते उकळतं मेण ओतलं. क्लेमबरोबर तो गोळा ब्लफला पाठवला, पोलिसांनी घेतला. समुद्रात टाकला नाही, पक्ष्यांचा काय दोष?

मी बटण दाबून "ऐकलं" म्हटलं. माझा आवाज तुला परका वाटला म्हणतेस. वाटणारच. राग आला होता मला. तुझा नव्हे, म्हणजे आधी तुझाच, सगळ्या जगासमोर आमच्या घराचं धुणं धुतलंस म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की आदल्या दिवशी तू सभ्यपणाने सांगितलं होतंस आणि मी जोक मारला होता. माझ्या हाताने मी माझ्या भावाला विष दिलं होतं गं, वर "पुतण्याने आणलंय" म्हणून.

मी बटण सोडलं, आणि ऐक आता, तुला फोनवर कोण बोललं ते कळलं नसेल. आयरीनचा आवाज आला. तीच, दक्षिणेकडच्या बेटावरची, जिच्याशी मी अकरा वर्षं बोलत नाही, बिळांच्या हद्दीवरून. ती म्हणाली, "नोलीन, फोन ठेवायच्या आधी त्या मुलीला परत सांगायला लाव. ते तीन आठवड्यांचं. माझा नातू इथे बसलाय माझ्या शेजारी, त्यालाही आम्ही पोटाचा आजार म्हणूनच आणलाय." तू परत सांगितलंस. मग पूर्वेच्या बेटावरून एक बाप्या बोलला, नाव नाही सांगितलं, नुसतं विचारलं की झटका आला तर काय करायचं. मग अजून एक. मग एक बाई नुसती रडलीच. नोलीन सगळ्यांना एकेक करून बोलू देत होती. त्या दिवशी हवामान सांगायचं राहूनच गेलं.

आता तुझ्या खोट्याबद्दल. तू मला खरं सांगितलं असतंस तर मी त्याला आणलं असतं का? नसतं आणलं. दारातून परत पाठवला असता, आणि वर उपदेश केला असता. हे तुला बरोबर ओळखता आलं, याची लाज मला वाटतेय, तू वाटून घेऊ नकोस. नियम मी मॅटीसाठी केला होता. मॅटीला तरी त्याचा काय उपयोग झाला?

पाओरा तुझ्यावर रुसलाय. म्हणतो, गोळ्यांवर दिवस काढायला लावले पोरीने. मग हळूच म्हणतो, तिला सांग, कंबर बरी आहे.

तुझी आत्या

——

बेटावरून, १२ मे

ताई,

आत्या म्हणते, मी तुला लिहायलाच हवं. लिहीत नाही म्हणून तू तिला तीन पत्रं पाठवलीस. माझं अक्षर वाचता आलं तर वाच.

तू माझं नाव घेतलंस त्याचा मला राग आलेला नाही. पहिले दोन दिवस होता. मग आयरीनआजीचा नातू बोटीतून आला, माझ्याशी पत्ते खेळला. जाताना म्हणाला, "तुझी बहीण भारी आहे." झालं, मग राग कशाचा धरणार.

पण दोन गोष्टी तुला माहीत नाहीत. आत्यालाही नाहीत. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

पहिली. काका आले तेव्हा मी पिसांच्या खोलीतच होतो. त्यांनी ती कानामागे खोचली ती मी पाहिली. मला माहीत होतं ती काय आहे. काकांना माहीत नव्हतं, आत्याला माहीत नव्हतं, मला होतं. बावीस पक्षी उरले होते तेव्हा. मी म्हणत होतो, पुढचा झाला की सांगतो. मग पुढचा झाला की. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं, आणि आत्या त्या आठवड्यात पहिल्यांदा मला "माझा वाघ" म्हणाली होती. मी स्वतःला समजावत होतो की काका जुने खेळाडू आहेत, एका झुरक्याने काय होतंय. अकरा उरले आणि तू बोललीस. तू बोलली नसतीस तर मी शेवटच्या पक्ष्यापर्यंत सांगितलं असतं का, हे मी रोज स्वतःला विचारतो. मला माहीत नाही, ताई. खोटं बोलून 'हो' म्हणवत नाही.

दुसरी. आत्याने पुडी समुद्रात टाकली नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं. टाक म्हणालो खरा. पण ती फळीवर होती आणि रोज चहा ओतताना मला डबा दिसायचा. काकांसाठी ठेवलीय हे मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं आत्याने नुसती जप्त केलीय. मी ठरवलं होतं की सगळं नीट करायचं. काम करायचं, खायचं, झोपायचं, कुणाला त्रास द्यायचा नाही. आणि तीस मेला, परत निघायच्या दिवशी, क्लेमची बोट दिसली की डब्यातून थोडी काढायची, झोपडीमागे जायचं, एकदाच. शेवटची म्हणून. जास्त नाही हं, नेहमीएवढीच. मला तो शहाणपणा वाटत होता. दोन महिने लांब राहिलो, एकदा नेहमीएवढी घेतली, काय बिघडणार?

नेहमीएवढी घेतली तर मरतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नाही, विकणारा तर काय सांगणार. तूही माझ्या घरी असताना नाही सांगितलंस. तेव्हा तुला वाटलं असेल, हे सांगितलं तर हा "मग सोडतच नाही" म्हणेल. म्हटलंही असतं मी.

तू आत्याला सांगत होतीस, काकांसाठी. मी पक्षी धरून बसलो होतो आणि मला माझा तीस मे दिसला. झोपडीमागे. आत्या मला शोधत येताना. तिने दोर घेतलेला असणार.

इथून पुढे काय ते मला माहीत नाही. इथे सोपं आहे. इथे मिळतच नाही. आत्याचा आवाज पहाटेपासून सुरू होतो, विचार करायला वेळच नसतो. पण बोट ब्लफच्या जवळ आली की फोनला रेंज येते, धक्का दिसायच्याही आधी. माझ्या फोनमध्ये ते सगळे नंबर आहेत. मी पुसले नाहीत. फोन आत्ताच क्लेमकडे देऊन टाकतोय, या पत्राबरोबर. तो तुझ्यासाठी ठेवील.

तू तीस तारखेला धक्क्यावर ये. फोन क्लेमकडून तू घे आणि मला देऊ नकोस. मी मागेन, ताई. नीट बोलून मागेन, आईला एक फोन करायचाय म्हणून मागेन, मग ओरडून मागेन. तरी देऊ नकोस.

टेओने